स्तनाच्या कॅन्सरचा शेक: बाया काय विचारतात, डॉक्टर काय पाहतात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना माझ्याच उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो झाले, पंधरा शेक (म्हणजे रेडिएशन) आणि गाठीच्या जागेला वरून पाच शेक झाले. त्याला आता सात वर्षं होतील. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या बायांचे, त्यांच्या मुलांचे, सुनांचे फोन येत असतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून काढली. गोळी कोणती आणि डोस किती, हे मात्र तुमचे कागद पाहिलेले डॉक्टरच सांगू शकतात.

१. शेक, लाईट, करंट, रेडिएशन हे सगळं एकच आहे का? त्यात करतात काय?

एकच आहे. फाईलमध्ये 'रेडिओथेरपी' किंवा नुसतं 'आरटी' लिहिलेलं असतं. नाव शेक असलं तरी त्यात गरम काही नसतं, आणि करंट तर मुळीच नसतो. छातीचा एक्स-रे काढतात त्याच जातीचे, पण कितीतरी जास्त ताकदीचे किरण ठरलेल्या जागेवर सोडतात. त्यांनी पेशींच्या आत इजा होते. चांगल्या पेशी ती इजा बऱ्यापैकी भरून काढतात, कॅन्सरच्या पेशींना ते जमत नाही.

आधी एक दिवस सीटी स्कॅन करून मापं घेतात आणि अंगावर शाईच्या रेघा किंवा गोंदणासारखे बारीक ठिपके करतात. रेघा घासून काढू नका, रोज त्याच खुणांवर मशीन लावायची असते. शेकाच्या दिवशी पाठीखाली थंडगार फळी, हात डोक्याच्या वर, भिंतीतून आलेली हिरवी किंवा लाल रेघ छातीवर. सगळे बाहेर जातात, जड दार लागतं. पहिल्या दिवशी त्या दाराच्या आवाजानं माझ्या पोटात गोळा आला होता. पण बाहेरून कॅमेऱ्यात सगळं दिसत असतं, आवाज दिला तर ऐकू जातो. काही मिनिटांत उठवतात. दुखत नाही.

२. ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण निघाली म्हणतात. मग शेक कशाला?

डोळ्याला दिसली ती गाठ निघाली. कुंद्याचं गवत खणून काढलं तरी मातीत काडीभर मूळ राहतं, हे शेत करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. उरलेल्या अशा बारीक पेशींसाठी शेक असतो.

हा नुसता अंदाज नाही. स्तन वाचवून गाठ काढलेल्या १०,८०१ बायांची १७ चाचण्यांतली माहिती २०११ साली एकत्र तपासली गेली. शेक न घेतलेल्या शंभरांपैकी ३५ जणींना दहा वर्षांत आजार पुन्हा उलटला, शेक घेतलेल्यांत १९ जणींना. पंधरा वर्षांत या आजारानं शेक न घेतलेल्या शंभरांतल्या २५ गेल्या, घेतलेल्यांतल्या २१. डॉक्टर 'फायदा आहे' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे हे आकडे असतात. शेक घेऊनही काही जणींना आजार उलटतो, हेही याच आकड्यांत आहे. ते आधीच माहीत असावं.

३. माझा तर पूर्ण स्तन काढला. तरी शेक लिहिला. चूक तर नाही झाली?

चूक नाही. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठींपैकी (लिम्फ नोड) ४ किंवा जास्त गाठींमध्ये आजार गेला असेल, तर स्तन काढल्यावरही छातीला आणि मानेच्या खालच्या भागाला शेक देतात. काखेतल्या १ ते ३ गाठींमध्ये असेल तर बाकीचे रिपोर्ट पाहून ठरवतात, आणि तिथे दोन डॉक्टरांची मतं वेगळी निघू शकतात. आपल्याकडे बाया उशिरा दाखवतात, गाठ लिंबाएवढी होईपर्यंत लाजेनं लपवून ठेवतात, म्हणून स्तन काढून वर शेक घ्यावा लागणाऱ्या बऱ्याच दिसतात.

४. शेजारच्या गावच्या बाईला २५ शेक दिले, मला १५, आणि नागपुरात एकीला फक्त ५. मला कमी औषध देत आहेत का? सरकारी योजनेतून आहे म्हणून?

नाही. हा संशय मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो, म्हणून नीट सांगते.

पूर्वी २५ दिवसांत ५० ग्रे देत. ग्रे म्हणजे किरण मोजायचं माप, दुधाला लिटर तसं. इंग्लंडमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या आणि १५ दिवसांत ४० ग्रे दिलं तर आजार तेवढाच आटोक्यात राहतो, हे दहा वर्षं पाहून सिद्ध झालं. रोजचा घोट थोडा मोठा असतो, म्हणून एकूण कमी लागतं. पुढे ४,०९६ जणांवर ५ दिवसांत २६ ग्रे देऊन पाहिलं. २०२० साली निकाल आले. पाच वर्षांत त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण १५ शेकवाल्यांत शंभरी २.१ आणि ५ शेकवाल्यांत १.४ होतं.

काख आणि मानेलाही शेक द्यायचा असेल, तर बरेच डॉक्टर १५ च देतात. गाठीच्या जागेला वरून चार-पाच जादा देतात त्याला 'बूस्ट' म्हणतात. तो वय, गाठीचा प्रकार आणि काढलेल्या तुकड्याच्या कडांना आजार होता का हे पाहून ठरतो. गावाहून येणाऱ्या बाईसाठी १० दिवस कमी म्हणजे १० मजुऱ्या वाचतात. म्हणून 'मला ५ किंवा १५ मध्ये होईल का' हे तोंड उघडून विचारा.

५. ऑपरेशननंतर हात वर होत नाही. मशीनवर हात डोक्यावर ठेवायला सांगतात. कसं करू?

हात वर गेला नाही तर किरणांच्या वाटेत तो येतो आणि शेक लांबतो. व्यायाम ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून करा, शेकाची तारीख येण्याची वाट पाहू नका.

मी केलं ते सांगते. स्वयंपाकघराच्या भिंतीजवळ उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची. जिथं थांबली तिथं चुन्याची रेघ. पहिली रेघ माझ्या खांद्याच्याही खाली होती. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा दा. तीन आठवड्यांत अकरा रेघा झाल्या आणि शेवटची डोक्याच्या वीतभर वर गेली. काखेत दोरीसारखी शीर ताणते, ती ताणू द्या, झटका देऊ नका. शेक चालू असताना आणि नंतरही वर्षभर सोडू नका, कारण शेकानंतर खांदा हळूहळू आखडतो.

६. कातडी जळते का? आणि भर उन्हाळ्यात शेक आला तर?

पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी काळपट होते, खाजते, हुळहुळते. काखेत आणि स्तनाच्या खालच्या घडीत सोलूही शकते. पुष्कळ जणींना शेक संपल्यावर आठ-दहा दिवस त्रास वाढतो आणि मग तीन-चार आठवड्यांत भरून येतो. शेवटच्या दिवशी 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवतात आणि खरी आग घरी गेल्यावर होते, म्हणून हे आधी माहीत असलं पाहिजे.

इथे एक गोष्ट डॉक्टरांच्या नजरेतून निसटते. पुस्तकांत 'लाली' पाहायला सांगितलेली असते. आपल्या सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, काळपटपणा दिसतो. म्हणून कागदावर 'सौम्य' लिहिलं जातं आणि बाईला रात्री पदर सहन होत नाही. जळत असेल तर दाखवा आणि सांगा.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो. घाम आणि घर्षण हे दोन शत्रू. साध्या पाण्यानं आंघोळ, साबण सौम्य, टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. जुन्या धुतलेल्या धोतराचा किंवा सुती साडीचा सैल झंपर शिवून घ्या, समोर बटणांचा. हळद-चंदनाचा लेप, बाम, बर्फ, गरम पाण्याची पिशवी काही नको. चुलीपुढे त्या बाजूनं बसू नका. उन्हात निघालात तर दुपट्ट्यानं मान आणि छाती झाका. पाणी सुटलं, वास आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

७. अंगातून किरणं बाहेर निघतात का? नातवाला जवळ घेऊ का?

घ्या. बाहेरून दिलेला शेक मशीन बंद झाली की संपतो. अंगात काही उरत नाही, घामात नाही, दुधात नाही, भांड्यात नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईचं ताट-तांब्या सासूनं सव्वा महिना वेगळा ठेवला होता, लेकराला तिच्या खाटेवर जाऊ देत नव्हते. शेकानं जेवढं दुखलं नाही तेवढं त्यानं दुखलं, असं ती आजही सांगते. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

८. केस जातात का?

डोक्याचे नाही. ते किमोनं जातात. शेकानं त्या बाजूच्या काखेतले जाऊ शकतात.

९. काही काम न करता इतका थकवा काहून येते?

शेकाचाच आहे. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वाढतो, संपल्यावर काही आठवडे राहतो, काहींना महिनोन्महिने. डॉक्टरांच्या यादीत हा बारीक त्रास आहे, कारण त्यानं जीव जात नाही. बाईच्या दिवसात मात्र तो सगळ्यांत मोठा असतो: पहाटेची एसटी, तीन तास जाणं, तीन तास येणं, घरी आल्यावर सांजचा स्वयंपाक.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या भागातल्या बायांचं रक्त मुळातच कमी असतं आणि सगळं शेकावर ढकललं जातं. दिवसभर खाटेवर पडून थकवा कमी होत नाही. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं चालण्यानं होतो. आणि शेकाच्या दिवसांत पाणी भरणं, दळण, जनावरं हे घरातल्या दुसऱ्या कोणी तरी करावं. हे मी नवऱ्यांसाठी लिहिते आहे.

१०. डॉक्टर म्हणतात 'रिझल्ट एकदम छान'. मला तर छान वाटत नाही. खरं कोणाचं?

दोघांचंही. मापं वेगळी आहेत.

डॉक्टर आधी पाहतात की आजार उलटला का, दुसरीकडे गेला का, बाई जिवंत आहे का. मग कातडी, सूज, स्तनाचा आकार यांना शून्यापासून चढते नंबर देतात. त्यांनी आजार उलटून आलेल्या बाया पाहिलेल्या असतात, म्हणून गाठ नाही म्हटल्यावर त्यांच्या मनावरचं ओझं उतरतं. तपासणीला न परतणाऱ्या बायांचं काय झालं हे कळत नाही, ही खंत मी डॉक्टरांकडून ऐकली आहे.

बाईचं माप म्हणजे डोक्यावर पाण्याचा गुंड घेता येतो का, त्या कुशीवर झोप लागते का, झंपर दोन्ही बाजूंनी सारखा बसतो का, कापूस वेचाईला गेल्यावर चार बायांच्या बरोबरीनं हात चालतो का.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका चाचणीत शेक घेतलेल्या बायांनी स्वतः भरलेले फॉर्म, डॉक्टरांची तपासणी आणि स्तनाचे फोटो यांची तुलना केली. तिघांचा मेळ फार कमी बसला. उलटंही होतं. फोटो पाहून डॉक्टर आकार बिघडला म्हणतात आणि बाई म्हणते, माझा स्तन वाचला, मी खूश आहे. म्हणून आता चांगल्या अभ्यासांत बाईचं उत्तर वेगळं लिहून घेतात. त्यासाठी युरोपात तयार झालेली प्रश्नावली मराठीतही आहे आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयात ती आपल्याकडच्या रुग्णांवर तपासली गेली आहे.

पण नुसता फॉर्म भरून भागत नाही. एकदा मी एका मावशीसोबत असाच फॉर्म भरायला बसले. जड पिशवी किंवा सुटकेस उचलताना त्रास होतो का, असा प्रश्न होता. मावशी म्हणाली, नाही. कारण तिनं आयुष्यात सुटकेस उचलली नव्हती. मी विचारलं, 'मावशी, गुंड?' तिनं काही न बोलता डावा हात वर करून दाखवला. तो कानापर्यंतही गेला नाही. फॉर्मवर तोपर्यंत 'अजिबात नाही' यावर खूण झालेली होती. मी ती खोडायला लावली.

त्या दिवसापासून मला पक्कं वाटतं की जे कागदावर जात नाही त्याचा उपचार होत नाही, आणि जे आपण बोलत नाही ते कागदावर जात नाही. कसं बोलायचं ते पुढच्या प्रश्नात.

११. डॉक्टरांकडे दोन मिनिटं मिळतात. बाहेर साठ माणसं बसलेली. कसं सांगू?

'कसं आहे?' असं विचारल्यावर 'बरं आहे' म्हणायची आपल्याला सवय आहे. ती त्या खोलीत मोडा. आदल्या रात्री नातीकडून वहीत चार ओळी लिहून घ्या आणि वही सरळ पुढे करा. ओळी कामाच्या भाषेत असू द्या. 'दुखते' यापेक्षा 'भाकरी थापताना खांद्यात कळ येते, दहा भाकरींनंतर थांबावं लागते' यातून डॉक्टरांना जास्त कळतं. कधीपासून, वाढतं की कमी होतं, रात्री झोप मोडते का, एवढं त्यात असावं. सगळ्यांत जास्त त्रासाची गोष्ट पहिली.

सोबतच्या माणसाला उत्तर देऊ देऊ नका. मुलगा 'आई ठीक आहे' म्हणतो ते प्रेमानं म्हणतो, पण खांदा तुमचा आहे. डॉक्टरांशी बोलायला संकोच वाटला तर तिथल्या सिस्टरला किंवा समाजसेवा अधीक्षकांना सांगा.

१२. हात सुजून जड झाला. गावात म्हणतात हत्तीरोग झाला. खरंच का?

बहुतेक नाही. आपल्या पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या पट्ट्यात हत्तीरोग आहे, म्हणून सूज दिसली की तेच नाव निघतं. तो डासांमुळे होतो. ही सूज वेगळी. काखेतल्या गाठी काढल्या आणि वर शेक बसला, तर हातातलं पाणी परत जायची वाट अरुंद होते. काखेतल्या बऱ्याच गाठी काढलेल्या बायांत साधारण पाचांत एकीला सूज येते. दोन-चार गाठीच तपासून थांबले असतील तर शंभरात पाच-सहा जणींना. शेकानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकते. सरकारी मोहिमेत मिळणारी हत्तीरोगाची गोळी घ्यायला हरकत नाही, पण तिनं ही सूज उतरणार नाही.

बांगड्या घट्ट व्हायला लागल्या, अंगठी निघेना, की लगेच दाखवा. सुरुवातीची सूज बरीच उतरते. मोजून घेतलेली दाबाची बाही, हात उशीवर उंच ठेवणं, फिजिओथेरपीचे व्यायाम, कातडीला रोज तेलाचा हात, एवढं नियमानं करावं लागतं. हातावर डाग देणं, जळवा लावणं, ब्लेडनं रक्त काढणं यानं हात कायमचा जाऊ शकतो. सुजलेला हात अचानक लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर जंतुसंसर्ग आहे, त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. उद्याच्या एसटीची वाट पाहू नका.

१३. वेचाईला, निंदायला जाऊ शकते का?

कातडी पूर्ण भरल्यावर, म्हणजे शेक संपून साधारण महिना-दीड महिन्यानं, डॉक्टरांना विचारून. पूर्वी सांगत की त्या हातानं आयुष्यभर वजन उचलू नका. अमेरिकेत २००९ साली एक चाचणी झाली, त्यात हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या बायांची सूज वाढली नाही, उलट बळावण्याचे प्रसंग कमी झाले. हळूहळू वाढवणं महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस, हलकी ओटी, कमरेला बांधलेली.

पऱ्हाटीच्या सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरखडतात आणि तिथूनच जंतू शिरतात. नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, हातमोजे घाला, घरी आल्यावर हात धुऊन ओरखड्याला मलम लावा. विळ्याचं काम दुसऱ्या हातानं जमलं तर बरं. फवारणीचं पाणी कालवणं पूर्ण बंद. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यानं फवारणीची विषबाधा पाहिली आहे. सोललेल्या कातडीनं त्या औषधाजवळ जाऊ नये.

१४. शेक दिलेला स्तन कडक आणि लहान झाला. आजार उलटला का?

बहुतेक वेळा तो शेकाचा परिणाम असतो. आतला मऊ भाग वर्षानुवर्षं हळूहळू घट्ट होतो, बूस्टची जागा जास्त. वर लाल बारीक शिरांची जाळी दिसू शकते, बरगडी दाबली की दुखते, मधूनच सुईसारखी कळ जाते. पण हातानं फरक ओळखायला जाऊ नका. नवीन टणक गाठ, टाक्यांच्या रेघेवर बारीक दाणे, न भरणारी जखम, स्तनाच्या बोंडातून रक्त, काखेत किंवा गळ्याखालच्या हाडाच्या वर मानेत गाठ, यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट न पाहता जा.

१५. माझा डावा स्तन होता. हृदयाला धोका आहे का?

थोडा आहे, आणि तो कमी करता येतो. स्वीडन आणि डेन्मार्कच्या बायांचा अभ्यास २०१३ साली आला. हृदयाला सरासरी दर १ ग्रे मागे हृदयाच्या मोठ्या दुखण्याचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. त्यातल्या बऱ्याच बायांचा शेक जुन्या पद्धतीचा होता. आता सीटीवर हृदय पाहून मशीन लावतात, आणि काही ठिकाणी खोल श्वास भरून रोखायला सांगतात, म्हणजे हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जातं. ही सोय आहे का, विचारा. बीपी, शुगर आधीपासून असेल तर सांगा. बिडी ओढत असाल तर सोडा, शेकानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ती वाढवते. खर्राही सोडा, तोंडाचा दुसरा कॅन्सर मागे लावून घ्यायचा नाही.

१६. शेकानंतर तीन महिन्यांनी कोरडा खोकला लागला. गावच्या डॉक्टरांनी टीबीचं औषध सुरू करू म्हटलं.

थुंकी तपासल्याशिवाय सुरू करू नका. स्तनाच्या मागे फुप्फुसाचा थोडा भाग किरणांत येतो आणि एक ते सहा महिन्यांत तिथं सूज येऊ शकते. शंभरात एक-दोघींना होते, मानेलाही शेक असेल तर थोडी जास्त. कोरडा खोकला, दम, बारीक ताप. गावच्या डॉक्टरांना शेकाचा कागद दाखवा आणि शेकाच्या डॉक्टरांना फोन करा. औषधानं बरं होतं. टीबीही आपल्याकडे आहेच, म्हणून दोन्ही तपासायला हवं.

१७. मधे लग्न आहे, पेरणी आहे. चार दिवस चुकले तर चालेल?

मुद्दाम चुकवू नका. खंड पडला की उरलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. पण चुकलेच तर 'आता काय उपयोग' म्हणून सोडूनही देऊ नका, डॉक्टर हिशेब करून भरून काढतात. शनिवार-रविवारची सुट्टी हिशेबातच असते. मशीन बंद पडल्यामुळेही खंड पडतो. माझ्या वेळी एकदा दीडशे किलोमीटर जाऊन मशीन बंद असल्याचं दारात कळलं, फोन कोणी केला नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, मशीनच्या खोलीतला नंबर घ्या आणि निघण्याआधी विचारा.

१८. शेक कुठे मिळतो? खर्च किती?

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे)चं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, अकोल्यात संत तुकाराम रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शेक बसतो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. राशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. टोल फ्री नंबर १५५३८८. भरती न होता शेक घेताना रुग्णालयाबाहेरचं खोलीभाडं, जेवण आणि बुडालेली मजुरी योजनेत येत नाही, आणि बायांचा शेक बहुतेक तिथंच अडतो. म्हणून राहायच्या धर्मशाळेची चौकशी शेक ठरतानाच करा.

एसटीत बायांना निम्मं तिकीट आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयातून त्यासाठीचा फॉर्म भरून घ्या.

१९. आईचं वय ७२. तिला नागपूरला नेणं होत नाही. शेक टाळता येईल का?

काही जणींचा टाळता येतो. ६५ वर्षांवरच्या, लहान गाठ, काख साफ, हार्मोनच्या गोळीला दाद देणारा प्रकार आणि स्तन वाचवलेला, अशा बायांवर एक चाचणी झाली. तिचे दहा वर्षांचे निकाल २०२३ साली आले. शेक न घेतलेल्यांत शंभरी ९.५ जणींना त्याच स्तनात आजार उलटला, घेतलेल्यांत एकीलाही पुरता नाही (०.९). जगण्यात फरक पडला नाही, दोन्हीकडे शंभरातल्या सुमारे ८१ जिवंत होत्या.

यात आणखी एक अट, हार्मोनची गोळी पाच वर्षं नेमानं घ्यायची. गोळी विसरणारी, तपासणीला न येणारी बाई असेल तर मी शेक घ्या म्हणेन. आणि हा निर्णय घेताना आईला विचारा. तिच्यासमोर तिच्याबद्दल मुलं आणि डॉक्टर बोलत राहतात, ती खिडकीबाहेर पाहत बसते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

२०. कसं विचारू कळत नाही... नवऱ्याजवळ जाता येईल का?

येईल. शेक चालू असतानाही, कातडीला जपून. त्याला काही बाधत नाही (प्रश्न ७). मन होत नसेल तर तेही खरं आहे. थकवा असतो, हार्मोनच्या गोळ्यांनी कोरडेपणा येतो, आणि आरशात पाहवत नाही. कोरडेपणावर औषध आहे, बाई डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न मला दिवसा कोणी विचारत नाही, रात्री उशिरा विचारतात. डॉक्टरांच्या फॉर्मवरही याच ओळी कोऱ्या राहतात.

२१. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे / दिवस गेले आहेत / आधी तिथंच शेक झाला आहे. तरी देतात का?

सिकलसेलचे नुसते वाहक असाल तर सहसा अडचण नाही. आजार असेल तर पहिल्याच भेटीत कार्ड दाखवा. रक्त, पाणी आणि प्रवासाचा ताण यांची तयारी करून शेक ठरवतात.

दिवस गेले असतील तर बाळंतपणापर्यंत शेक थांबवतात. शेकाच्या काळात आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस गर्भ राहू देऊ नका. पुढे मूल झालं तर शेक दिलेल्या बाजूला दूध कमी येतं, दुसऱ्या बाजूचं बिनधास्त पाजा.

त्याच जागी आधी शेक झाला असेल तर दुसऱ्यांदा क्वचित आणि फार हिशेबानं देतात. कातडी आखडण्याचा आजार, ज्याला स्क्लेरोडर्मा म्हणतात, तो असेल तरी आधी सांगा, त्यात शेकाचा त्रास जास्त होऊ शकतो.

२२. सगळं संपलं. आता किती वर्षं जायचं?

पहिली काही वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी. शेक झाला म्हणून हार्मोनची गोळी बंद होत नाही.

शेक संपल्याचा एक कागद मिळतो, त्यावर किती ग्रे, किती दिवस, कोणत्या जागी हे असतं. दहा वर्षांनी खोकला आला, हाड दुखलं किंवा दुसरा आजार निघाला, तर नव्या डॉक्टरांना आधी तो लागतो. तो मिळाला नसेल तर मागून घ्या. पावसाळ्यात घर गळतं, पेटीतल्या कागदांना वाळवी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोघांच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. वहीतल्या तुमच्या चार ओळीही त्याच पिशवीत असू द्या, तारीख टाकून.